ऑलिम्पिक टेनिसचे विजेते किती? एका यादीची उलटतपासणी

पेट सुटली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे. अशा वेळी आपल्यापैकी बहुतेकांची पहिली हालचाल ठरलेली असते. कुठून तरी एक तयार तक्ता उचलायचा, एक्सेलमध्ये चिकटवायचा आणि त्यावर 'विश्लेषण' सुरू करायचं. साल, नाव, देश, पदक असे चार रकाने. दिसायला अगदी निरुपद्रवी. आजच्या पोस्टमध्ये मी असाच एक तक्ता घेणार आहे, ऑलिम्पिकमधल्या टेनिस विजेत्यांचा, आणि त्याचे स्क्रू एकेक करून ढिले करून दाखवणार आहे. तुमचा विषय टेनिस नसेल, खेळाशी त्याचा काही संबंधही नसेल, तरी चालेल. दुष्काळाची आकडेवारी असो, साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांची यादी असो की जिल्हा परिषदेचे निकाल, स्क्रू सगळीकडे तेच असतात.

सुरुवातीला एक सोपा प्रश्न. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकपर्यंत पुरुष एकेरीचं विजेतेपद एकूण किती वेळा दिलं गेलं?

मोजा. १८९६, १९००, १९०४, १९०८, १९१२, १९२०, १९२४. हे झाले सात. मग मोठी खिंड. पुढे १९८८ पासून २०२४ पर्यंत दहा. एकूण १७. पण थांबा. १९०८ आणि १९१२ मध्ये टेनिसच्या दोन-दोन स्पर्धा झाल्या होत्या, एक मोकळ्या मैदानावर आणि एक छताखाली. दोन्हींना पदकं होती. मग झाले १९. आणि १९०६ मध्ये अथेन्सला जे खेळ झाले, ते तेव्हाच्या लोकांनी ऑलिम्पिक म्हणूनच खेळले होते. तेही धरले तर २०.

आता गंमत बघा. सुवर्ण, रौप्य, कांस्य ही पद्धत सुरू झाली १९०४ पासून. म्हणजे 'प्रत्यक्ष सुवर्णपदक कोणत्या वर्षापासून' असा निकष लावला, तर १९ मधून पहिली दोन वर्षं वजा होतात आणि उत्तर परत १७ येतं. पण हे १७ पहिल्या १७ पेक्षा वेगळं आहे. पहिल्यात छताखालचे दोन विजेते नव्हते, दुसऱ्यात ते आहेत, पण १८९६ आणि १९०० चे नाहीत. दोन विद्यार्थ्यांच्या प्रबंधात '१७' हाच आकडा असेल आणि दोघांच्या याद्या वेगळ्या असतील. व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतात, म्हणून आधीच सांगून ठेवते.

म्हणजे उत्तर आकड्यात नाही, व्याख्येत आहे. आणि व्याख्या कोणीतरी, कधीतरी, काहीतरी कारणाने केलेली असते. हे 'कोणी, कधी, का' शोधणं हाच इथे इतिहासाचा खरा भाग आहे. म्हणून आपण १८९६ पासूनच सुरुवात करू आणि तिथे जरा जास्त वेळ थांबू, कारण सगळ्या अडचणींचं मूळ तिथे सापडतं.

अथेन्स, १८९६

कोणताही तक्ता उघडा. पहिली ओळ अशी असते: १८९६, जॉन पायस बोलंड, ग्रेट ब्रिटन, सुवर्ण. ओळ चार खणांची, आणि त्यातले दोन खण थेट वादाचे.

'सुवर्ण' घ्या. १८९६ मध्ये सुवर्णपदक नव्हतंच. विजेत्याला रौप्यपदक, ऑलिव्हची फांदी आणि प्रशस्तिपत्र मिळायचं. दुसऱ्याला तांब्या-काशाचं पदक आणि लॉरेलची फांदी. तिसऱ्याला काहीच नाही. आज आपण जे सोनं, चांदी, कांस्य त्या वर्षासमोर वाचतो, ते आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने मागाहून बहाल केलेलं आहे. सगळ्या वर्षांची पदकं एका मापाने मोजता यावीत ही त्यामागची सोय. सोय समजण्यासारखी आहे, पण तुम्ही जर 'बोलंडने सुवर्णपदक जिंकलं' असं वाक्य प्रबंधात लिहिलंत, तर त्या दिवशी अथेन्समध्ये न घडलेली गोष्ट तुम्ही घडवलीत.

या मागाहूनच्या वाटपाचा सगळ्यात मजेशीर लाभार्थी म्हणजे एडविन फ्लॅक. हा ऑस्ट्रेलियन धावपटू. ८०० आणि १५०० मीटर या दोन्ही शर्यती त्याने अथेन्समध्ये जिंकल्या. त्याशिवाय हौसेने टेनिसच्या दुहेरीतही उतरला, इंग्लंडच्या जॉर्ज रॉबर्टसनबरोबर. जोड्या मोजक्याच. यांना बाय मिळाला, थेट उपांत्य सामना, तिथे हरले, खेळ खल्लास. पण आजच्या नोंदीत दोघांच्या नावावर कांस्यपदक आहे. एकही सामना न जिंकता मिळालेलं, आणि त्या काळी अस्तित्वातच नसलेलं पदक! फ्लॅकला हे कळलं असतं तर तोही हसला असता, असा माझा अंदाज.

आता 'देश' हा खण. बोलंड डब्लिनचा. ऑक्सफर्डमध्ये शिकत होता. अथेन्सला गेला तो तिथल्या मित्राकडे, थ्रासिव्होलोस मानोस याच्याकडे. हा मानोस ऑक्सफर्डमधला ओळखीचा आणि खेळांच्या आयोजनातला माणूस. बोलंड स्पर्धेसाठी तयारी करून वगैरे गेलेला नव्हता. एकेरीच्या पहिल्या फेरीत त्याने फ्रीड्रिख ट्राउन या जर्मन खेळाडूला हरवलं आणि मग त्याच ट्राउनला जोडीला घेऊन दुहेरीही जिंकली. आज त्या जोडीसमोर देश म्हणून 'मिश्र संघ' असं लिहितात. १८९६ मध्ये 'मिश्र संघ' असा काही प्रकार कोणाच्या डोक्यातही नव्हता, कारण खेळाडू देशाच्या वतीने येतो ही कल्पनाच अजून घट्ट झालेली नव्हती. लोक स्वतःच्या खिशातून, नाहीतर क्लबच्या किंवा कॉलेजच्या ओळखीवर यायचे. राष्ट्रीय समित्यांमार्फतच नाव नोंदवायचं हा नियम पुढच्या दशकातला. आपण मात्र पुढच्या काळातला रकाना मागच्या काळाला चिकटवतो आणि मग त्या रकान्यात बसत नाही त्याला 'मिश्र' म्हणतो.

अंतिम सामन्यात हरलेला डायोनिसिओस कास्दाग्लिस हाही असाच. ग्रीक माणूस, पण इजिप्तमधल्या ग्रीक व्यापारी समाजातला. काही नोंदी त्याला ग्रीसचा म्हणतात, काही इजिप्तचा. तिसऱ्या क्रमांकावर दाखवल्या जाणाऱ्यांत मोम्चिलो तापाविचा हा एक. वंशाने सर्ब, जन्मगाव आजच्या सर्बियात, पण तेव्हा तो प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरीत, म्हणून तक्त्यात हंगेरी. एका छोट्याशा स्पर्धेत 'देश' या एका शब्दाचे इतके अर्थ. आपल्याला हे नवीन नाही म्हणा. १९०० साली पॅरिसला धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदकं मिळवणारा कलकत्त्याचा नॉर्मन प्रिचर्ड ऑलिम्पिक समितीच्या लेखी भारताचा आहे, आणि जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या लेखी ब्रिटनचा. दोन अधिकृत संस्था, एकच माणूस.

बोलंडच्या बाबतीत एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. विजयानंतर ब्रिटिश झेंडा चढवायला लागले तेव्हा त्याने म्हणे हरकत घेतली, मी आयरिश आहे, आमचा झेंडा वेगळा, हिरव्यावर सोनेरी वीणा. गोष्ट सुंदर आहे. पण संशोधक म्हणून गोष्ट जितकी सुंदर तितका आपला हात आखडता हवा. बोलंड पुढे १९०० पासून १९१८ पर्यंत साउथ केरीचा खासदार होता, आयरिश राष्ट्रवादी पक्षाचा. म्हणजे ही गोष्ट त्याच्या पुढच्या आयुष्याला अगदी चपखल बसते, आणि म्हणूनच ती कोणी, कधी पहिल्यांदा सांगितली हे तपासावं लागतं. त्याची त्या दिवसांची डायरी कितीतरी दशकांनी उजेडात आली, तेव्हा त्याच्या सहभागाबद्दलच्या प्रचलित समजुती परत तपासाव्या लागल्या. आठवणी आणि डायरी यांच्यात फरक दिसला तर डायरीला झुकतं माप द्यायचं, हा आपला साधा नियम. अर्थात डायरीसुद्धा कोणासाठी तरीच लिहिलेली असते.

आणि हो, तारीख. टेनिसचे अंतिम सामने ११ एप्रिल १८९६ ला झाले असं तुम्ही वाचाल. ग्रीक वर्तमानपत्रात शोधायला गेलात तर तिथे ३० मार्च सापडेल. ग्रीस तेव्हा जुनं ज्युलियन पंचांग वापरत होता, बारा दिवसांचा फरक. शके, फसली आणि इसवी सन यांची सांगड घालताना पेशवे दफ्तरात काम करणाऱ्यांची जी तारांबळ होते, तीच इथे.

'पहिली' कोण?

१९०० चं पॅरिस म्हणजे खरं तर जागतिक प्रदर्शनाचा एक कोपरा. खेळ मे ते ऑक्टोबर चालले होते आणि आपण 'ऑलिम्पिक' खेळतोय याचा अनेक खेळाडूंना पत्ताही नव्हता. याच खेळांत स्त्रिया पहिल्यांदा उतरल्या. आधुनिक ऑलिम्पिकचे जनक पिएर द कुबर्तां यांना हे पसंत नव्हतं, हे त्यांनी लपवलेलं नाही.

११ जुलै १९०० ला इंग्लंडच्या शार्लट कूपरने फ्रान्सच्या एलेन प्रेव्होला ६-१, ६-४ असं हरवलं. आता अनेक ठिकाणी तुम्हाला वाक्य मिळेल: 'कूपर ही पहिली महिला ऑलिम्पिक विजेती'. हे वाक्य चुकीचं आहे की बरोबर? त्याच वर्षी २२ मे ला एलेन द पूर्तालेस ही स्वित्झर्लंडच्या विजयी नौकेवर होती. म्हणजे पहिली विजेती ती. पण ती संघाचा भाग होती. तेव्हा कूपर 'वैयक्तिक स्पर्धेतली पहिली महिला विजेती'. एका विशेषणावर सगळं उभं आहे. 'पहिला', 'पहिली', 'एकमेव' हे शब्द सिनॉप्सिसमध्ये दिसले की माझे गाईड त्यांना लाल गोल करतात आणि समासात फक्त लिहितात, 'कशात?'. हा एक शब्दी प्रश्न मला तरी कुठल्याही कार्यशाळेपेक्षा जास्त उपयोगी पडला आहे.

कूपरलाही सुवर्णपदक मिळालं नव्हतं, ते ओघानं आलंच. ती विम्बल्डन पाच वेळा जिंकली, शेवटचं १९०८ मध्ये. तेव्हा ती दोन मुलांची आई होती. आणि विशीतच तिची श्रवणशक्ती गेलेली होती. त्या काळच्या स्त्रियांच्या खेळावर कोणी काम करत असेल तर तिच्यावर वाचा. तक्त्यातला एक खण तिच्यासाठी फारच अपुरा आहे.

त्याच वर्षी पुरुषांच्या एकेरीत एक गंमत. उपांत्य फेरीत दोघे सख्खे भाऊ समोरासमोर आले, रेजिनाल्ड आणि लॉरेन्स डोहर्टी. मोठ्याने धाकट्याविरुद्ध खेळायला नकार दिला आणि पुढे चाल दिली. धाकटा पुढे अंतिम सामनाही जिंकला. तक्त्यात लॉरेन्स 'सुवर्ण', रेजिनाल्ड 'कांस्य'. मैदानावर काय झालं असतं, ते कागद सांगत नाही.

देक्युजीची तीन विजेतेपदं

१९०४ पटकन उरकू. सेंट लुइसला जवळजवळ सगळे अमेरिकनच होते, विजेता बील्स राइट, संपलं.

१९०६ मात्र उरकण्यासारखं नाही. ऑलिम्पिकची दहा वर्षं म्हणून अथेन्सला पुन्हा खेळ झाले. फ्रान्सच्या मॅक्स देक्युजीने टेनिसमध्ये तीन विजेतेपदं घेतली, एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी. मिश्र दुहेरीत जोडीला त्याची बायको मारी. आता आजची अधिकृत यादी उघडा. देक्युजीच्या नावावर सुवर्ण किती? एक. तेही १९२० चं, मिश्र दुहेरीतलं. १९०६ चे खेळ ऑलिम्पिक मानायचे की नाहीत यावर पुढे वाद झाला आणि १९४९ मध्ये ऑलिम्पिक समितीने नेमलेल्या मंडळाने ते मानू नयेत असं ठरवलं. त्या बैठकीत जे ठरलं त्यामुळे त्रेचाळीस वर्षांपूर्वी जिंकलेली तीन विजेतेपदं यादीतून बाहेर राहिली. म्हणजे चाराचा एक झाला, मैदानावर एकही चेंडू न मारता.

गंमत म्हणजे १८९६ मध्ये न दिलेलं सुवर्ण बोलंडला मिळतं आणि १९०६ मध्ये जिंकलेलं देक्युजीचं जातं. दोन्ही निर्णय आपापल्या जागी समर्थनीय आहेत. पण ते निर्णय आहेत, निसर्गनियम नव्हेत. तुमच्या तक्त्याखाली 'आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या सध्याच्या मान्यतेनुसार' अशी एक ओळ लिहायला पाच सेकंद लागतात.

१९०८ आणि १९१२ बद्दल वर आलंच. १९०८ मध्ये मैदानी विजेता जोसायाह रिची आणि छताखालचा आर्थर गोर, दोघेही ब्रिटिश. १९१२ ची गोष्ट जरा जास्त बोलकी आहे. स्टॉकहोमची मैदानी स्पर्धा आणि विम्बल्डन एकाच वेळी आले. ब्रिटिश खेळाडूंनी विम्बल्डन निवडलं. मैदानी एकेरीच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेचे दोघं, चार्ल्स विन्स्लो आणि हॅरल्ड किटसन, आणि दुहेरीही त्यांचीच. मग 'विन्स्लो १९१२ चा सर्वोत्तम' असं या यादीवरून म्हणता येईल का? त्या वर्षीचा विम्बल्डन विजेता अँथनी वाइल्डिंग स्टॉकहोमला छताखालच्या स्पर्धेत खेळला आणि त्याला कांस्य मिळालं. तो न्यूझीलंडचा, पण तक्त्यात 'ऑस्ट्रेलेशिया'. पुन्हा तोच रकाना.

चौसष्ट वर्षांची खिंड

१९२४ चं पॅरिस भारतीय वाचकाला जवळचं वाटेल. त्या वर्षी भारताकडून टेनिसचा चांगला चमू गेला होता. सिडनी जेकब, मोहम्मद सलीम, अथर अली फैजी, सय्यद मोहम्मद हादी आणि नोरा पॉली. जेकब इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधला अधिकारी, तो एकेरीत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला. हैदराबादचा हादी म्हणजे तर एक वेगळंच प्रकरण. दहा वर्षांनी सुरू झालेल्या रणजी करंडकातलं पहिलं शतक त्याच्या नावावर आहे. आणि नोरा पॉली ही ऑलिम्पिकमध्ये भारताकडून उतरलेली पहिली स्त्री. (माझे गाईड समासात विचारतीलच, 'भारताकडून' म्हणजे कोणाकडून? १९२४ मधला भारत. बरोबर आहे प्रश्न.) यांपैकी कोणीही विजेत्यांच्या तक्त्यात नाही. विजेत्यांचा तक्ता हाच तुमचा एकमेव स्रोत असेल, तर ही सगळी माणसं तुमच्या इतिहासात जन्मालाच येत नाहीत.

त्या वर्षी अमेरिकेच्या व्हिन्सेंट रिचर्ड्सने हेन्री कोशेला हरवलं. महिलांत हेलन विल्स. १९२० ची विजेती सुझान लेंग्लेन आजारपणामुळे नव्हती. आणि त्यानंतर टेनिस ऑलिम्पिकमधून बाहेर गेलं.

का गेलं? थोडक्यात उत्तर 'हौशी कोण यावरून वाद' असं मिळतं आणि ते खरं आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ १९१३ मध्ये स्थापन झालेला. त्याचं म्हणणं, टेनिसमध्ये हौशी कोण हे आम्ही ठरवू आणि स्पर्धा चालवण्यात आमचा हात असेल. ऑलिम्पिक समितीला हे मान्य नव्हतं. म्हणजे वरवर नैतिकतेचा दिसणारा वाद आतून अधिकाराचा होता. आणि पैसा दाराशी येऊन उभा होताच. १९२६ मध्ये लेंग्लेन आणि रिचर्ड्स, दोघेही ऑलिम्पिक विजेते, एकाच अमेरिकन प्रवर्तकाच्या दौऱ्यावर पैसे घेऊन खेळायला निघाले. समितीला ज्याची भीती होती ते दोन वर्षांत घडलंही.

टेनिस परत आलं १९८८ मध्ये, सोलला. मधे १९६८ आणि १९८४ मध्ये प्रदर्शनीय स्वरूपात खेळवलं, पण ती पदकं हिशेबात नाहीत. १९८४ च्या प्रदर्शनीय स्पर्धेत पंधरा वर्षांची स्टेफी ग्राफ जिंकली होती. चार वर्षांनी तीच अधिकृत विजेती झाली. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या हेलन विल्स चौसष्ट वर्षं 'विद्यमान' ऑलिम्पिक विजेती होती. तिचं निधन १९९८ मध्ये झालं, तेव्हा आपल्यानंतरची विजेती तिच्या हयातीतच झाली.

या खिंडीचं काय करायचं? 'ऑलिम्पिकमधल्या टेनिसवरून जागतिक टेनिसचा विकास' असा विषय घेऊन कोणी आलं तर मी आधी ही यादी विचारते: फ्रेड पेरी, डॉन बज, ॲल्थिया गिब्सन, रॉड लेव्हर, मार्गारेट कोर्ट, ब्योर्न बोर्ग. यांना अधिकृत ऑलिम्पिक पदकासाठी खेळण्याची संधीच नव्हती. विसाव्या शतकातलं अर्ध्याहून जास्त टेनिस या तक्त्याच्या बाहेर घडलं. आपल्या विदेत जो काळ गायब आहे तो योगायोगाने गायब असतो असं धरून चालू नका. इथे तर तो भांडून गायब झालेला आहे.

खिंडीच्या अलीकडचं एक नाव मात्र आवर्जून सांगते. १९२० मध्ये अँटवर्पला जपानचा इचिया कुमागाए एकेरीत आणि दुहेरीत दुसरा आला. जपानची ही पहिली ऑलिम्पिक पदकं. जूदो नाही, जलतरण नाही, टेनिस. आशियातल्या खेळाच्या इतिहासाबद्दल आपली जी ठोकळेबाज चित्रं आहेत, ती तपासायला एवढी एक ओळ पुरते.

तिसरा क्रमांक आणि आपण

आता घरच्या अंगणात येऊ. ३ ऑगस्ट १९९६, अटलांटा. लिअँडर पेसने ब्राझीलच्या फर्नांडो मेलिजेनीला ३-६, ६-२, ६-४ असं हरवून कांस्य मिळवलं. १९५२ मध्ये हेलसिंकीला कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवलं होतं. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी भारताला वैयक्तिक पदक मिळालं. हे आपल्याला पाठ आहे. पण त्यामागचा नियम फारसा कोणी बघत नाही.

१९८८ आणि १९९२ मध्ये टेनिसमध्ये तिसऱ्या क्रमांकासाठी सामनाच नव्हता. उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य. १९९६ पासून सामना आला, एकालाच पदक. हा नियम हातात धरून भारताचं टेनिस पुन्हा मोजा. २००४ मध्ये अथेन्सला पेस आणि महेश भूपती उपांत्य फेरीत हरले आणि कांस्यपदकाचा सामना क्रोएशियाच्या जोडीकडून तिसऱ्या सेटमध्ये १६-१४ असा गमावला. २०१६ मध्ये रिओला सानिया मिर्झा आणि रोहन बोपण्णा उपांत्य फेरीत आणि मग कांस्यपदकाच्या सामन्यात हरले. बार्सिलोनाचा नियम असता तर या दोन्ही जोड्या पदक घेऊन आल्या असत्या. आणि १८९६ चा नियम असता, तिसऱ्याला काहीच नाही, तर पेसचंही पदक गेलं असतं.

म्हणजे तोच खेळ, तेच खेळाडू, तेच निकाल. नियम १८९६ चा लावला तर भारताची टेनिसमधली पदकं शून्य, आजचा लावला तर एक, बार्सिलोनाचा लावला तर तीन. 'भारतीय टेनिसची ऑलिम्पिकमधली कामगिरी' यावर कोणी पदकांच्या आधारे निष्कर्ष काढला असेल, तर त्या निष्कर्षाचा किती भाग खेळाचा आणि किती भाग नियमाचा, हे वेगळं करून दाखवता यायला हवं. माझं स्वतःचं मत विचाराल तर कामगिरी मोजायला पदकापेक्षा 'कितव्या फेरीपर्यंत' हा निकष बरा. तो नियम बदलल्याने हलत नाही. ड्रॉ किती मोठा होता हे मात्र शेजारी लिहावं लागतं, नाहीतर फ्लॅकसारखी मंडळी पुन्हा उपांत्य फेरीत येऊन बसतात.

देशाचा रकाना आजही शांत नाही. १९८८ ची ग्राफ पश्चिम जर्मनीची. १९९२ मध्ये कांस्य मिळवणारा आंद्रे चेर्कासोव्ह 'एकीकृत संघाचा', कारण सोव्हिएत संघ तोवर विरघळलेला. टोकियोत अंतिम सामना हरलेला कारेन खाचानोव्ह रशियाचा नाही, रशियन ऑलिम्पिक समितीचा. आणि २०२४ मध्ये महिला दुहेरीत रौप्य मिळवणाऱ्या मिरा आंद्रेएवा आणि डायना श्नायडर यांच्या नावापुढे देशच नाही, त्या तटस्थ खेळाडू म्हणून खेळल्या. त्यांचं पदक खरं आहे, पण देशांच्या पदकतालिकेत त्याला जागा नाही. सव्वाशे वर्षांनी आपण जवळपास बोलंड आणि ट्राउनच्याच खणापाशी आलो.

तर व्यवहाराचं बोलू. तुमच्या एक्सेलमध्ये चार रकान्यांच्या पुढे आणखी तीन काढा. त्या वेळी प्रत्यक्ष काय दिलं गेलं. आज कोणती संस्था काय मानते. ते मानणं कोणत्या वर्षी ठरलं. पहिल्या आठवड्यात तिसरा रकाना बहुतेक रिकामा राहील. राहू द्या, घाईने भरू नका. ऑलिम्पिकचे जुने अधिकृत अहवाल एलए८४ फाउंडेशनच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट वाचायला मिळतात. तिथून सुरुवात करा आणि मग ऑलिम्पीडियाच्या नोंदींशी ताडून पाहा. जिथे दोघांत फरक दिसेल तिथे पिवळा रंग द्या. तुमचा प्रबंध बहुधा त्या पिवळ्या खणांमध्ये आहे.

आणि ज्यांना अजून विषय मिळालेला नाही त्यांच्यासाठी एक. १९२४ च्या त्या भारतीय टेनिस चमूबद्दल मराठी वर्तमानपत्रांनी काय लिहिलं, लिहिलं तरी का? 'केसरी' आणि 'ज्ञानप्रकाश' दोन्ही तेव्हा निघत होते. त्या वर्षीच्या मे ते ऑगस्टच्या फाइल्स काढून बसायला एक उन्हाळी सुट्टी पुरेल. कोणी बसणार असाल तर खाली लिहा, कोणता शब्द शोधायचा ते आपण आधी ठरवू. 'ऑलिम्पिक' शोधून फारसं हाती लागेल असं मला वाटत नाही.